नानांचा जबडा

आमचे डोंबिवलीचे नाना 47 वर्षांचे आहेत आणि त्यांचा खालचा जबडा वरच्यापेक्षा अंमळ पुढे आहे. वरचा अरुंदही आहे. बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, हे बघूनच होकार दिला होता, त्यामुळे घरून काही तक्रार नाही. पण कोणीतरी नानांना सांगितलं की यावर उपाय आहे, आणि वर म्हणालं की उपाय एक नाही, चार-पाच आहेत. तिथेच सगळं बिघडलं.

कारण पर्याय दिसला की नाना तिथे मुक्काम ठोकतात. फ्रिज घ्यायचा होता तेव्हा त्यांच्या तुलना संपेपर्यंत दोन मॉडेलं बाजारातून गेली. जबडा मात्र कंपनी बंद करत नाही, त्यामुळे इथे घाईला वावच नाही.

सकाळच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धे टेकून नाना ओपीजीची, म्हणजे जबड्याच्या एक्स-रेची, फिल्म उजेडात धरतात. "नुसत्या तारा लावल्या तर दात सरळ होतील, पण हाड तिथेच. म्हणजे दोष झाकला, गेला नाही." समोरचा म्हणतो, "लग्न झालंय ना? मग कशाला?" नाना त्याचंही मत डायरीत लिहून घेतात.

टाळूचं प्रकरण त्यांचं विशेष लाडकं. टाळूच्या मधोमध सांधा असतो. लहानपणी तो मोकळा असतो, तेव्हा स्क्रूचं यंत्र बसवून किल्ली फिरवली की टाळू रुंदावते. मोठेपणी सांधा घट्ट होतो, मग आधी हाडाला काप द्यावे लागतात. "किंवा टाळूत बारीक स्क्रू ठोकून ताण थेट हाडावर द्यायचा," नाना म्हणतात, "पण माझ्या वयाला सांधा उघडेलच याची खात्री नाही." शिवाय दाताभोवतीच्या हाडाला वरवर चिरा पाडायच्या, की ते भरून येताना काही महिने मऊ राहतं आणि दात भराभर सरकतात, हाही एक रकाना आहे. "पण त्याने वेळ वाचतो हो, जबडा मागे जात नाही."

एका लग्नात तर त्यांनी पंगतीत पिशवीतून स्वतःच्या दातांचे प्लास्टरचे साचे काढून पानाशेजारी मांडले आणि रने ल फोर या फ्रेंच सर्जनची गोष्ट सुरू केली. त्याने मृतदेहांच्या चेहऱ्यांवर आघात करून हाडं कुठल्या रेषांत फुटतात ते पाहिलं आणि 1901 साली छापलं. आज वरचा जबडा कापून पुढे आणतात तो छेद त्याच्याच नावाने ओळखला जातो. मग टायटॅनियमच्या पट्ट्या, स्क्रू. "खालचा कापताना मात्र आतून नस जाते. ओठ बधिर राहू शकतो." शेजारच्या काकांनी मठ्ठा खाली ठेवला. वाढप्याने घाईत प्लास्टरच्या जबड्यापुढेही एक जिलबी टाकली.

दरम्यान त्यांच्या धाकट्या मुलीचीही टाळू अरुंद निघाली. नाना तिच्यासाठी नवी वही घालणार, तोवर वहिनींनी यंत्र बसवून आणलं. रोज रात्री सीरियलच्या जाहिरातीत पोरीचं तोंड उघडून पाव फेरा, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. पुढच्या दोन दातांत फट पडली तेव्हा नाना घाबरून सेकंड ओपिनियनला निघाले. "अहो, ती पडायलाच हवी, टाळू उघडतेय," वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा टीव्हीकडे वळल्या.

शेवटी वहिनींनीच नानांना सर्जनबाईंसमोर बसवलं. आधी तारा, त्यात दात हाडावर नीट उभे केल्यावर चावा आणखी उलटा दिसणार, मग दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन, नंतर पुन्हा तारा आणि शेवटी रिटेनर. नानांनी मान डोलावली. त्यांना हे बाईंपेक्षा सविस्तर ठाऊक होतं. अडलं ते महिन्यावर. ऑपरेशननंतर काही आठवडे पातळ आणि मऊच खायचं. थंडीत हुरडा, दिवाळीत चकली, गणपतीत मोदक मऊ असले तरी माणसं घरी येतात, मार्चमध्ये बँकेचं क्लोजिंग.

"मग मे महिन्यात करा," बाई म्हणाल्या. "आमरस चमच्याने घेता येईल."

नाना पहिल्यांदाच निरुत्तर झाले. वहिनींनी पर्स उचलली. नानांनी सावकाश डायरी उघडली, नवं पान घेतलं आणि मधोमध उभी रेघ मारली.

"डॉक्टर, रसाला पायरी बरी की हापूस?"