अंदमानचा भारद्वाज शुभ मानावा काय?

पनवेलमध्ये पक्षी बघणाऱ्या माणसाला एक प्रश्न जपून विचारावा. कर्नाळा अभयारण्य गावापासून बारा किलोमीटरवर असताना पक्षी बघायला थेट अंदमानला कशाला जाता? प्रश्न साधा आहे. पण तो कानावर पडताच समोरचे गृहस्थ दुर्बिणीची काच पुसायला घेतात, ‘प्रदेशनिष्ठ’ या शब्दापासून सुरुवात करतात आणि चहावर साय धरेपर्यंत थांबत नाहीत.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. बेटावर पोचलेला पक्षी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिला की हळूहळू मुख्य भूमीवरच्या भाऊबंदांपासून वेगळा होतो. अंदमान-निकोबारच्या जंगलांत अशा वीसहून अधिक जाती आहेत. त्या बघायच्या तर बेट गाठल्यावाचून इलाज नाही. पक्षी दिसायला कसा आहे हा प्रश्न गौण. तो मातकट असो, बुटका असो, दिवसभर पानाआड तोंड लपवून बसणारा असो. फक्त तो दुसरीकडे कुठे दिसता कामा नये. कर्नाळ्याचा स्वर्गीय नर्तक आपल्या पांढऱ्याशुभ्र शेपटीच्या फिती झुलवत नाकासमोरून गेला तरी यादीत त्याच्यापुढे टिक कधीच लागलेली असते. टिक लागलेल्या पक्ष्याला पुन्हा मान वर करून बघणे यादीवाल्यांच्या जिवावर येते.

म्हणून हिवाळा लागला की तुकड्या निघतात. पनवेलच्या अशाच एका तुकडीत एक निवृत्त बँक अधिकारी होते, सगळ्यांचे काका. पक्ष्यांची यादी त्यांनी कर्जाच्या खातेवहीच्या शिस्तीने एक्सेलमध्ये ठेवलेली. सोबत काकू. त्या सेल्युलर जेल आणि समुद्र बघायला आल्या होत्या, पक्ष्यांचे त्यांना नंतर कळले. शिवाय दोन तरुण, ज्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स तान्ह्या मुलासारखी कापडात गुंडाळलेली होती, आणि एक डॉक्टरीणबाई, ज्या पक्षी न बघता नुसत्या आवाजावरून ओळखतात आणि त्यामुळे फारशा लोकप्रिय नाहीत. विमानात लेन्स मांडीवर बसून आली. काकूंचा चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी सामानात गेली.

पहिला धक्का घड्याळाचा. भारताची वेळ एक, सूर्य मात्र तसे मानत नाही. पनवेल ७३ रेखांशाच्या आसपास, पोर्ट ब्लेअर जवळजवळ ९३ वर. म्हणजे सूर्य तिथे सव्वा तासाहून आधी हजर. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी पाचला अंधाराची तयारी सुरू होते. पनवेलला सात वाजता पेपर उघडणाऱ्या काकांना गाइडने सांगितले, “सर, साढ़े तीन बजे उठ जाइए.” हॉटेलचा नाश्ता साडेसातला. तोवर जंगलातल्या पक्ष्यांची सकाळची धांदल उरकलेली असते. मग पुड्यात बांधून मिळालेला ब्रेड, उकडलेले अंडे आणि केळे. तिसऱ्या दिवशी सगळ्या तुकडीची नजर काकूंच्या चिवड्यावर होती, आणि काकूंना हे चांगलेच ठाऊक होते.

चिडिया टापू हे शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरचे दक्षिण टोक. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सदाहरित झाडी, वर बघता बघता मान आखडेल इतकी उंच. गाइड बेटावरच जन्मलेला. इथे कुणाचे आजोबा रांचीकडून आलेले, कुणाचे पूर्व बंगालमधून, कुणाचे तामिळनाडूतून, तर उत्तरेकडच्या करेन लोकांचे पूर्वज ब्रिटिशांनी १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून आणलेले. सगळे आपसात हिंदी बोलतात. गाइडला झाडे पाठ, पक्ष्यांचे आवाज पाठ, आणि तुकडीतला कोणता माणूस नेमका कधी खोकणार हेही दुसऱ्या दिवसापासून पाठ.

“ग्यारह बजे, दूसरी डाली,” तो कुजबुजतो. पद्धत अशी की समोर बारा, उजवीकडे तीन. पण आठ माणसे वळणावर कोंडाळे करून उभी असली की प्रत्येकाचे अकरा निराळे. काका एका वडाच्या जातीच्या झाडाकडे, तरुण समुद्राकडे, डॉक्टरीणबाई डोळे मिटून. अखेर गाइड हिरव्या लेझरचा ठिपका पक्ष्याजवळच्या खोडावर नेतो. मग पुढची पाच मिनिटे बरेच जण ठिपकाच बघतात.

पहिली टिक काळ्या सुताराची. अंदमानचा हा सुतार संपूर्ण काळा, नराच्या डोक्यावर लाल तुरा. खोडावर त्याची चोच वाजते तेव्हा घराचे काम चालू असल्याचा भास होतो. दुसरा आला भृंगराज, शेपटीच्या दोन लांब तारांच्या टोकांना पिसांचे झुबके लावलेला. गाइडला आनंद झाला. तुकडीने सौजन्याने मान हलवली. एक तरुण म्हणाला, “हा घरी आहे.” खरेच आहे. कर्नाळ्यात हा रोज दिसावा असा पक्षी. अंदमानातली त्याची उपजात निराळी, पण उपजातीला टिक नाही.

खरा पेच भारद्वाजाने टाकला.

आपल्याकडे भारद्वाज दिसणे शुभ. काळेभोर अंग, विटकरी पंख, लाल डोळा. कुणी त्याला कुंभार कावळा म्हणतात. परीक्षेला निघालेल्या मुलाला तो कुंपणावर दाखवणाऱ्या आया पनवेलमध्ये अजून आहेत. अंदमानचा भारद्वाज मात्र दुधाळ चहाच्या रंगाचा, पंख तेवढे विटकरी. तो रस्त्याकडेच्या झुडपातून निघाला, आणि दुर्बीण नसलेल्या काकूंना सगळ्यांच्या आधी दिसला.

“अहो, याला नमस्कार करायचा का?”

काका शास्त्राला धरून बोलले. “जात वेगळी आहे. पण वंश एकच.”

“म्हणजे भाऊबंद,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी एका हाताने अर्धा नमस्कार केला. अर्ध्या नमस्काराला अर्धे फळ मिळाले. त्या दिवशी ज्याच्यासाठी सगळे चिखलात तासभर निश्चल उभे राहिले तो अंदमानी फटाकडी हा लाजाळू पक्षी आलाच नाही. दुपारच्या जेवणात मात्र गुलाबजाम होते.

संध्याकाळ घुबडांची. पाच वाजून गेले की चिडिया टापूच्या रस्त्यावर टॉर्च घेतलेले लोक फिरू लागतात. छोटे शिंगळे घुबड, ह्यूम या पक्षीसंग्राहकाच्या नावाचे घुबड, अंदमानचे आणखी एक घुबड, जोडीला रातवा. काकू हैराण. पनवेलला त्यांच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर गव्हाणी घुबड येऊन बसले तेव्हा कमिटीत शांती करण्याचा विषय निघाला होता, आणि इथे माणसे पैसे मोजून, डासांकडून फोडून घेत, घुबडाने एकदा तरी हूं म्हणावे म्हणून ताटकळत होती. काकांनी समजावले की अंदमानचे गव्हाणी घुबड पूर्वी आपल्याच घुबडाची उपजात मानले जाई, आता बरेच शास्त्रज्ञ त्याला स्वतंत्र जात मानतात. “म्हणजे टाकीवरचे निघाले साधेच,” काकू म्हणाल्या. यादीवाल्यांना अशा फाटाफुटीचे भारी सुख. शास्त्रज्ञांनी एका जातीच्या दोन केल्या की माणूस पनवेलला सोफ्यावर बसल्या बसल्या एकाने श्रीमंत होतो. सकाळी नाक मुरडलेल्या भृंगराजाचे फोटो दोघाही तरुणांनी गुपचूप काढून ठेवले होते, ते याच आशेने.

माउंट हॅरिएटला सगळे गेले. लाल रंगाच्या जुन्या वीस रुपयांच्या नोटेवरचे माड आणि समुद्र हे तिथूनच दिसणारे दृश्य. २०१९ सालच्या नव्या नोटेवर वेरूळ आले, तेव्हा महाराष्ट्राने अंदमानकडून तेवढी जागा घेतली म्हणायची. २०२१ मध्ये डोंगराचे नाव माउंट मणिपूर झाले, २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम. ड्रायव्हर अजून ‘हॅरिएट’ म्हणतो आणि काकांच्या एक्सेलमध्ये एकाच डोंगराचे दोन रकाने झाले आहेत.

बाराटांग बेटाकडचा रस्ता ही पक्षीनिरीक्षकाची खरी शिक्षा. तो जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडतात. वाटेत थांबायचे नाही, फोटो काढायचे नाहीत. नियम योग्यच आहे. माणसे ही काही बघायची वस्तू नाही, आणि त्या जंगलावर पहिला हक्क त्यांचा. पण अख्ख्या सहलीतले सर्वांत दाट अरण्य खिडकीतून वाहत असते, फांदीवर काहीतरी ठसठशीत बसलेले असते आणि डॉक्टरीणबाई आवाज ओळखून नाव सांगतात. काका पुढचे दोन तास त्यांच्याशी बोलत नाहीत.

या बेटांवर यादी घेऊन फिरणारे आपण पहिले नव्हे. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम १८७३ साली इकडे पक्षी गोळा करत फिरले. पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम. त्यांच्या काळी दुर्बिणीपेक्षा बंदूक जास्त चाले. आपल्या मुंबईचे हुमायून अब्दुलअली विसाव्या शतकात अंदमान-निकोबारच्या पक्ष्यांवर वर्षानुवर्षे लिहीत राहिले. ग्रेट निकोबारच्या कॅम्पबेल बेला त्यांनी मिळवलेल्या दोन नमुन्यांवरून पामेला रासमुसेन यांनी १९९८ मध्ये घुबडाची एक नवी जात जाहीर केली. पहिला नमुना १९६६ चा. म्हणजे तीसेक वर्षे ते घुबड संग्रहात पडून होते. दूर जावेच लागते असेही नाही. सालिम अलींनी १९३० साली आपल्या रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीच्या घरट्यांपाशी ठाण मांडले आणि नराचा एकापेक्षा अधिक माद्यांचा संसार उघडकीस आणला. त्यासाठी त्यांना शिडी लागली, विमान नाही.

आणि बाहेरगावच्या पक्षीनिरीक्षकाला विचाराल तर पनवेल हेच दुर्गम अरण्याचे दार आहे. जूनमध्ये पाऊस लागला की तिबोटी खंड्या कोकणात घरटे करायला येतो. जेमतेम तेरा सेंटीमीटरचा जीव, अंगावर निळा, पिवळा, जांभळा, नारिंगी असे सगळे रंग एकदम. ओढ्याकाठच्या मातीत बीळ खणून त्यात अंडी घालतो आणि पिल्लांना सापसुरळ्या, बेडूक, कोळी भरवतो. रायगड जिल्ह्याचा मानाचा पक्षी म्हणून सरकारने त्याचीच निवड केली. त्याच्यासाठी लांबून माणसे येतात आणि पनवेल स्टेशनबाहेर उभी राहून कर्नाळ्याची वाट विचारतात. १९६८ साली जाहीर झालेले हे राज्यातले पहिले पक्षी अभयारण्य. त्याच्या जडणघडणीत वनाधिकारी म्हणून मारुती चितमपल्लींचा हात होता. काकांनी आपले शंभर रकाने इथेच भरले आणि आता रविवारी तिकडे स्पीकर घेऊन येणाऱ्या सहली वाढल्या म्हणून जात नाहीत. कुरकुर रास्त आहे. पण घरट्याच्या तोंडाशी दहा-दहा ट्रायपॉड लावणारे पक्षीप्रेमीही त्या स्पीकरवाल्यांपेक्षा फार वेगळे नाहीत, एवढे काकांनी मान्य करायला हवे.

काकांच्या यादीत एक रकाना मात्र रिकामा आहे: नारकोंडमचा धनेश. ह्यूमनेच १८७३ मध्ये त्याचे वर्णन केले. हा धनेश सबंध जगात नारकोंडम या एका ज्वालामुखी बेटावर राहतो, आणि ते बेट सात चौरस किलोमीटरही भरत नाही. कर्नाळा अभयारण्य आज बारा चौरस किलोमीटरच्या वर आहे. एका संपूर्ण जातीचे विश्व आपल्या कर्नाळ्याच्या अर्ध्याहून थोड्याच जास्त जागेत आटोपते. तटरक्षक दलाला तिथे रडार हवे होते. २०१२ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने धनेशासाठी ते नाकारले, २०१४ मध्ये मंजुरी दिली. तिथे जायला खास परवानगी लागते आणि ती यादी पुरी करण्यासाठी मिळत नाही. उत्तमच आहे. काका बेटावर उतरले नाहीत म्हणून धनेशाचे काही अडलेले नाही.

तरीही अंदमानला जाणार असाल तर नोव्हेंबर ते मार्च बरा. जेल आधी बघून घ्या, म्हणजे काकू पुढचे दिवस तुमच्यावर उपकार केल्यासारख्या वागणार नाहीत. गाइडला पक्ष्यांचे आवाज मोबाइलवर पुन्हा पुन्हा वाजवायला लावू नका. तो पक्षी आपल्या हद्दीत कोणी घुसले म्हणून जीव तोडून ओरडत असतो, तुमच्या स्वागताला नाही. चिवडा प्रत्येकाने आपापला न्यावा. आणि चिडिया टापूची गाडी पहाटे चारची सांगा. ड्रायव्हर साडेतीनलाच येतो.