समुद्राने लावलेला चुना

तुमच्या-माझ्यात ठेवा हं, पण आमच्या जाऊबाईंनी मातीत हात घातलाय. चांगला कोपरापर्यंत. ज्यांनी आजवर कणीक मळायलाही बाई ठेवली, त्या दर शनिवारी रिक्षा करून स्टुडिओत जातात, वर पैसे मोजतात आणि तीन तास माती मळतात! विचारलं तर म्हणे, "मळणं हेच ध्यान." आमच्या सासूबाईंनी चाळीस वर्षं हे ध्यान दोन्ही वेळा केलं, त्यांना कुणी योगिनी म्हटलं नाही.

बरं, साधं गाडगं-मडकं करतील तर शपथ! ते काय, कुंभारवेशीत मिळतं. ह्यांना भांड्यात समुद्र हवा. एकीचा लाटेसारखा कलंडलेला बाउल, दुसरीची ओहोटीनंतरच्या वाळूसारखी रेघारेघांची ताटली. पूर्वी असं वाकडं भांडं निघालं की कुंभार स्वतःच फोडून टाकायचा. आता वाकडेपणाचेच जास्त पैसे. रंगाचं मात्र कबूल करते. झिलईत चिमूटभर कोबाल्टची पूड घालतात, दिसायला काळी कुळकुळीत, आणि बाराशे अंशांच्या भट्टीतून भांडं निघतं ते निळंशार. पण त्याच भट्टीपायी भावजींचा चहा गेला. माती वाळता-भाजता दहाएक टक्के आकसते, म्हणजे मगाच्या पोटातली पाव भागाहून जास्त जागा गेली. घोटभर चहा पिऊन बिचारे रिकाम्या मगात बघत बसतात.

त्यात तो कालवांचा वाडगा. खडकावर कालवं असतात ना, पाय कापणारी, तसा बाहेरून खरबरीत. कामाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सिंकपाशी हाक मारली, "ताई, कालची आमटी करपली होती का? काथ्यानं घासलं, निघंना." जाऊबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

पण खरी गंमत पुढेच आहे. गुहागरहून पिशवीभर शिंपले आणले आणि ओल्या ताटलीत रोवून दिले. नुसता ठसा उठवायचा आणि शिंपला काढून घ्यायचा, असं शिकवलेलं. पण ह्यांना 'अस्सल' हवं! हजारएक अंशांची पहिली भाजणी झाली, ताटली अखंड बाहेर आली. झिलईआधीच मिरवायला घरी आणली, शोकेसमध्ये ठेवली. बाहेर धो धो पाऊस. चौथ्या दिवशी कुणी हातही न लावता ताटलीचे टवके उडायला लागले आणि शिंपल्यांच्या जागी पांढरी भुकटी! जाऊबाईंना वाटलं, दृष्ट लागली. (नजर माझ्याकडे होती, ते सोडा.) अहो, शिंपले भाजले की कळीचा चुना होतो, आणि हवेतली ओल लागली की तो फुगतो. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या शिंपले भाजूनच चुना केला, त्यावर घरं उभी राहिली, पानं रंगली. माझ्या आजोळी कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण वर्कशॉपची फी भरलेल्या बाईला समुद्राने चुना लावला, हे तोंडावर म्हणायचं कसं? मी म्हटलं नाही. फक्त पानाचं तबक पुढे केलं.

आता भावजींची काळजी. त्यांना मीच, आपली सहज, पालिसीची गोष्ट सांगितली. सोळाव्या शतकातला फ्रेंच माणूस, थाळ्यांवर मासे, शिंपले, बेडूक, साप हुबेहूब उठवायचा. खऱ्या प्राण्यांचे साचे घेऊन! झिलई साधेना, भट्टीचं सरपण संपलं, तेव्हा ह्याने घरातली टेबलं आणि जमिनीच्या फळ्या उखडून आत घातल्या. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, १५८० च्या पुस्तकात. शेजारीपाजारी वेडा म्हणायचे, बायको कातावलेली.

परवा जाऊबाई जेवताना म्हणाल्या, "गच्चीत आपली छोटी भट्टी घालावी म्हणते." भावजींनी घास तसाच ठेवला आणि डायनिंग टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. सागवानी आहे हो, सासऱ्यांच्या वेळचं.