बिल शून्य म्हणे!

वहिनी, तो टाय लावलेला पोरगा तुमच्याकडेही येऊन गेला ना? हातात गुळगुळीत कागद, त्यावर निळी पॅनलं आणि खाली टपोऱ्या अक्षरांत ‘वीजबिल शून्य’. माझ्याकडे आला तेव्हा मी गहू निवडत बसले होते. म्हटलं, बस बाबा, पाणी पी आणि मला सांग, बिलातला स्थिर आकार कोण भरणार, तू का? पोरगा पाणी प्यायला आणि नुसता हसला. हसणारच. मीटर भिंतीवर आहे तोवर स्थिर आकार येतोच, मग वर पॅनलं लावा नाहीतर सोन्याचे कळस. ‘बिल बरंच उतरेल काकू’ एवढंच म्हणाला असता तर मी त्याला चहासुद्धा दिला असता.

नाही हो, घेणार आहोत आम्ही. आमच्या ह्यांनी मनावर घेतलंय. यांचा जन्म टेल्कोच्या मेंटेनन्समध्ये गेला. लोक आता टाटा मोटर्स म्हणतात, आमच्या घरात ती टेल्कोच. नोकरीत होते तेव्हा घरातला एक बोर्ड दुरुस्त करायला सवड नव्हती, आता रिटायर झाल्यावर टेस्टर खिशातून खाली ठेवत नाहीत. पण यांचं आपलं वेगळंच. म्हणतात, गच्चीवर चढायचं ते सगळ्यात शेवटी. आधी बिल काढ.

काढलं बिल. तुम्ही कधी बघितलंय का, त्यावर मागच्या वर्षभराच्या युनिटांचा आलेख असतो? मी इतकी वर्षं फक्त आकडा आणि शेवटची तारीख बघत आले. आलेखात एप्रिल-मे म्हणजे डोंगर. आणि त्या डोंगराचं टोक सगळ्यात महाग असतं बरं का. १०० युनिटांपर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा आणि त्याच्या पुढे चौथा. त्यामुळे वाचवलेलं युनिट वरच्या, महागड्या पायरीवरून उतरतं. वर वीज शुल्क १६ टक्के, तेही तेवढंच कमी होतं.

मग सुरू झाली घराची झडती. आपले हे जुने पंखे, घरं बांधली तेव्हाचे, एकेक ७५ वॉट खातो. नवे बीएलडीसी पंखे येतात ना रिमोटवाले, ते २८-३० वॉटमध्ये तेवढाच वारा देतात. उन्हाळ्यात सोळा सोळा तास फिरणारे तीन पंखे बदलले की महिन्याला साठ-पासष्ट युनिटं वाचतात. आणि एक किलोवॉटचं पॅनल आपल्याकडे दिवसाला चार युनिटं देतं, म्हणजे महिन्याला एकशेवीस. करा हिशोब. तीन पंख्यांत अर्धा किलोवॉट गच्चीवर न चढताच मिळाला! मी म्हटलं, मग तो टायवाला हे का नाही सांगत? हे म्हणाले, तो पॅनल विकतो, पंखे विकत नाही.

फ्रिजचं ऐका. यांनी दहाची नोट फ्रिजच्या दारात धरली, दार लावलं आणि नोट ओढली. अलगद हातात आली. म्हणाले, बघ, गार हवा अशीच बाहेर जाते. खालच्या कोपऱ्यात दाराचं रबर पार कडक होऊन उघडं पडलं होतं. रबर बदलून घेतलं, आता नोट ओढली तर फाटायची भीती. करून बघा तुमच्याकडे. फक्त शंभराची धरू नका.

गीझरचं मी आधीच मनावर घेतलं होतं. दोन हजार वॉटचा तो राक्षस, तास चालला की दोन युनिटं गेली. गच्चीवरचा सोलर बंब यांना काढायचा होता, पॅनलला जागा हवी म्हणून. मी म्हटलं, हात लावायचा नाही. बोअरच्या पाण्याचे क्षार बसून त्याच्या नळ्या तुंबल्या होत्या, तेवढ्या साफ करून घेतल्या. उन्हानं पाणी तापतंय, ते विजेनं कशाला तापवायचं? यावर मात्र हे गप्प बसले.

आता तुमच्या कामाचं सांगते. तुमचं बिल अजून मामंजींच्याच नावानं येतं ना? जाऊन किती वर्षं झाली त्यांना! रागावू नका, अर्ध्या प्राधिकरणाची हीच कथा. १९७२ साली पिंपरी-चिंचवडचं हे प्राधिकरण झालं, पुढे ज्यांनी नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्यानं प्लॉट घेतले त्यातले कितीतरी आता राहिले नाहीत, पण महावितरणच्या दप्तरी सगळे ठणठणीत आहेत. २०२१ मध्ये प्राधिकरण स्वतःच गेलं, तरी मीटरवरची नावं तीच. सोलरचा अर्ज मीटरच्या नावावर होतो आणि अनुदानासाठी बँकेचं खातंही त्याच माणसाचं लागतं. तेव्हा आधी यू फॉर्म भरून नाव बदलून घ्या. वारसाचे कागद, दिरांची ना हरकत, जे लागेल ते आत्ताच जमवा. मागच्या गल्लीत पॅनलं येऊन पोर्चमध्ये उभी राहिली आणि भावाभावांत सही अडली. सगळा पावसाळा त्या खोक्यांवर मांजरी झोपत होत्या.

अनुदान ना? सांगते. पंतप्रधान सूर्यघर योजना, २०२४ च्या फेब्रुवारीत आली, देशात एक कोटी घरांसाठी. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. त्याच्या पुढे कितीही लावा, एवढेच. आणि हे पैसे आधी मिळत नाहीत बरं. आधी सगळे आपण मोजायचे, यंत्रणा सुरू झाली की मग खात्यात येतात. बँका कर्ज देतात, पण हप्ता आपल्यालाच भरायचा. पॅनल आणि आतले सेल भारतात बनलेले हवेत, नाहीतर अनुदान नाही. पुरवठादार योजनेच्या पोर्टलवर नोंदलेलाच हवा. पाच वर्षं देखभाल त्यानं करायची असते, हे कागदावर घ्या. तोंडी सगळेच देव असतात.

नेट मीटर म्हणजे साधं आहे हो. दुपारी आपण पडलेलो असतो तेव्हा जादा वीज तारेतून महावितरणकडे जाते, संध्याकाळी आपण ती परत घेतो, महिन्याच्या शेवटी वजाबाकी. शिल्लक पुढच्या महिन्यात ओढतात, पण मार्चअखेर हिशोब बंद. तेव्हा उरलेल्या युनिटांना जो भाव मिळतो तो रद्दीवाल्याच्या वरताण. म्हणून मोठ्ठी यंत्रणा लावून वीज विकून श्रीमंत होऊ, असं कोणी सांगितलं तर त्याला दारातूनच वाटेला लावायचं. महिन्याला तीनशेच्या आसपास युनिटं असतील तर तीन किलोवॉटच्या वर जायचं कारण नाही. तीनशे चौरस फूट मोकळी, बिनसावलीची गच्ची लागते त्याला.

गुरुवारची गंमत कळली का तुम्हाला? त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातले, हो तेच, गाडी आपल्या फाटकासमोर लावणारे. त्यांच्याकडे सोलर बसलं आणि पहिल्याच गुरुवारी लाईट गेली. आपल्याकडे गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे देखभालीची कामंही त्याच दिवशी निघतात. साहेब निवांत गॅलरीत बसले होते, आपल्याला काय फिकीर म्हणून. पंखा बंद! ऊन रणरणतंय, गच्चीवर तीन किलोवॉट आणि घरात घाम. पुरवठादाराला फोन करून काय बोलले, सगळ्या गल्लीनं ऐकलं. पण त्याची काही चूक नाही. तारेतली वीज गेली की सोलरचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, तसाच बनवलेला असतो. नाहीतर वायरमन खांबावर चढलेला आणि आपली वीज त्याच्या तारेत! लाईट गेल्यावरही हवी असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, तिचा खर्च वेगळा. आम्ही नाही घेणार. गुरुवारी दोन तास गप्पा मारायला तुम्ही आहातच.

थांबा, कुकर झाला. आले हं.

तर गच्ची. आपल्या गच्चीवर कोबा आहे, विटांच्या तुकड्यांचा. त्यात भोकं पाडून खिळे ठोकले की पुढच्या जुलैत हॉलच्या छतावर नकाशा उमटलाच. आम्ही आधी वॉटरप्रूफिंग करून घेतलं आणि सांगितलं, कोब्याला ड्रिल लावायचं नाही, काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर सांगाडा उभा करायचा. आधी पॅनल आणि मग गळती सापडली तर सगळं उतरवा, पुन्हा चढवा, पुन्हा पैसे. सांगाडा किती उंच ठेवायचा यावरून आमच्याकडे आठवडाभर वाद. मला कुरडया-पापड घालायला खाली वाकून फिरता आलं पाहिजे. यांचं म्हणणं, जितका उंच तितका वारा धरतो. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवतं ना? आपल्याकडचे पत्रे कुठल्या कुठे गेले होते. शेवटी डोक्याला लागणार नाही इतपत उंची, जस्त चढवलेलं जाड लोखंड, तिरके आधार. आणि मी कुरडया सकाळीच उचलायच्या, असा तह झाला. अर्थिंगसाठी तीन वेगळे खड्डे, त्यातला एक आकाशातली वीज पडली तर ती जमिनीत नेणाऱ्या दांड्याचा. तिथे कोणी दोनमध्ये भागवतो म्हणाला तर हे आधी त्याची परीक्षा घेतात, मग त्याला घालवतात.

धूळ हा आपला खास माल. एकीकडे एमआयडीसी, दुसरीकडे मोशी-चिखलीची बांधकामं. पंधरा दिवसांत पॅनलवर बोटानं नाव लिहाल. पुसायचं मऊ फडक्यानं, सकाळी लवकर, काच गार असताना. आणि बोअरचं पाणी नाही, पांढरे डाग बसतात. खाली जाळी मारायची, नाहीतर पारवे घर करतात आणि मग वरून जे पडतं ते मी सांगायला नको.

मोशीला आमच्या लेकीच्या सोसायटीत तर निराळंच. लिफ्ट आणि पंपासाठी सोसायटीला किलोवॉटमागे १८,००० मिळतात, पण वरच्या मजल्यावाले म्हणतात गच्ची आमची. तीन मीटिंगा झाल्या, तीनदा सामोसे झाले, पॅनल अजून नाही. आणि तिकडे पाटण तालुक्यात मान्याचीवाडी, शंभरेक वीजजोडण्यांचं गाव, २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. अख्खं गाव एका मतानं! इथे आपल्या गल्लीचं घंटागाडी कुठे थांबावी यावर एकमत होत नाही.

कारखाने बघा किती पुढे गेले. चिखलीला टाटांच्या कारखान्यात २०२१ मध्ये गाड्या उभ्या करायच्या जागेवर सोलरचं छप्पर घातलं, ६.२ मेगावॉटचं. आपल्यासारखी दोन हजारांवर घरं त्यात बसतील. चाकणला फोक्सवॅगनच्या छपरावर त्याच्या आधीच पॅनलं चढली होती. त्यांना विजेचा भाव आपल्यापेक्षा आधी टोचला, दुसरं काय. पण एक त्यांचं बरं असतं, छप्पर लांबच लांब आणि शेजारी कोणाचं झाड नाही.

हां, आता झाडाचं निघालंच आहे तर. तुमचा आंबा.

नाही नाही, तोडा असं मी या तोंडानं म्हणणार नाही, माझ्या लोणच्याच्या बरण्या त्याच्यावर चालतात. पण तो पडतो आमच्या नैऋत्येला. आत्ता सूर्य डोक्यावर आहे म्हणून कळत नाही, डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि अडीच वाजल्यापासून त्याची सावली आमच्या निम्म्या गच्चीवर. मागच्या हिवाळ्यात यांनी खडूनं सावलीच्या रेघा मारून ठेवल्यात, या बघायला. आणि एका पॅनलवर सावली पडली की त्याच्याबरोबर जोडलेली बाकीचीही मंदावतात, साधा इन्व्हर्टर असला तर. आम्ही दोन पॅनलं पूर्वेला सरकवतोय, जिन्याच्या खोलीच्या पुढे. पण वरच्या त्या दोन फांद्या, टाकीकडे आलेल्या, तेवढ्या जर कमी झाल्या तर. छाटायला महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, ती लागू दे. अर्ज हे लिहितील, खर्च आमचा, सही तेवढी तुमची.

भाऊजींशी बोलून सांगा, घाई नाही. तुम्हीही घेणार असाल तर आपण दोघी मिळून एकच माणूस बोलावू, दोन घरांचं काम म्हटल्यावर भाव उतरवायला मी आहे. आणि वहिनी, फांद्या छाटायच्या त्या कैऱ्या उतरल्यावर हं, आत्ता नको.