लोन झालं, पेढे घ्या!

या महिन्याच्या पाच तारखेला आमच्या घराचा हप्ता परत गेला. खात्यात ४१२ रुपये कमी होते. बँकेने त्याबद्दल ५९० रुपये कापले; ५०० दंडाचे आणि ९० त्या दंडावरच्या जीएसटीचे. ज्याच्यापाशी ४१२ नाहीत त्याच्यापाशी ५९० नक्की असतील, एवढा विश्वास माझ्यावर आजवर कोणी दाखवलेला नाही. सासऱ्यांनीही नाही.

‘गेले कुठे पैसे?’ असं मी घरात विचारलं. बायकोने चिरंजीवांकडे पाहिलं, चिरंजीवांनी माझ्याकडे, मी पंख्याकडे. आई गवार मोडत बसली होती. ती फक्त म्हणाली, “चालू दे.”

आमच्या अण्णांनी एकदा पतपेढीतून पंधरा हजारांचं कर्ज काढलं होतं. ‘काढलं’ हाच शब्द बरोबर. दात काढतात तसं. घरात ‘कर्ज’ हा शब्द क्षयासारखा हलक्या आवाजात उच्चारला जाई, तोही मुलं झोपल्यावर. जामीनदार म्हणून समोरच्या बिऱ्हाडातल्या काकांची सही होती, त्यामुळे फिटेपर्यंत अण्णांनी त्यांच्याशी एकदाही भांडण उकरलं नाही. शेवटचा हप्ता भरला त्याच संध्याकाळी दोघे जिन्यातल्या दिव्याच्या बिलावरून कडाकडा भांडले. चाळीला कळलं, कर्ज फिटलं.

मी मात्र मार्च २०२१ मध्ये कर्ज वगैरे काढलं नाही. माझं लोन झालं. मराठीत कर्ज काढावं लागतं, लोन आपलं आपण होतं. बदली व्हावी, सर्दी व्हावी, तसं. त्यात कर्त्याचा काही दोष नसतो. कर्ज फेडायचं असतं, हप्ता नुसता ‘जातो’. कर्ज काढलेल्याला कर्जबाजारी म्हणतात, लोन झालेल्याला पेढे मागतात. मुद्रांक शुल्कातली सवलत ३१ मार्चला संपणार होती, आणि बिल्डरच्या माणसाने ती तारीख अशा आवाजात सांगितली की डोंबिवलीत घर न घेणारा प्रत्येक जण १ एप्रिलला मूर्ख ठरणार, याबद्दल माझी खात्री पटली. तीस लाख, वीस वर्षं, सात टक्के, हप्ता २३,२५९. आईने देवापुढे पेढा ठेवला. अण्णांच्या तसबिरीपुढे ठेवायचं धाडस कोणाला झालं नाही.

तर हप्ता परत गेल्यावर मी रविवारी सकाळी, पोह्यांनंतर, कुटुंबाची बैठक बोलावली. विषय: काटकसर. अध्यक्ष: मी. मी प्रास्ताविकात अंथरूण पाहून पाय पसरावेत हे सांगितलं. चिरंजीव म्हणाले, “बाबा, अंथरूणपण ईएमआयवर आहे. ऑर्थोपेडिक गादी. तूच घेतलीस.” प्रास्ताविक तिथेच संपलं.

मग कन्येने वही उघडली. ती आठवीत आहे. आठवीच्या गणितात चक्रवाढ व्याजाचं एक प्रकरण आहे. मीही ते शिकलो होतो, पण मार्कांपुरतं. तिने माझ्याकडून लोनचं स्टेटमेंट मागून घेतलं. पावणेपाच वर्षांत मी ते पहिल्यांदाच उघडत होतो.

“बाबा, तू छप्पन्न हप्ते भरलेस. म्हणजे तेरा लाख दोन हजार.”

मी खुर्चीत जरा ताठ बसलो.

“त्यातून कर्ज किती कमी झालं, सांगू? एक लाख तेहतीस हजार.”

मी होतो तसा झालो.

गोष्ट अशी, की आमचं लोन रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला बांधलेलं. २०२१ मध्ये रेपो ४ टक्के होता. मे २०२२ पासून तो चढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ वर पोचला. त्याचा हात धरून माझा दर सातावरून साडेनऊ झाला. पण हप्ता? २३,२५९ तो २३,२५९! त्या काळात मी ऑफिसात चहाच्या वेळी सांगत असे, “आमचा हप्ता एका रुपयाने वाढला नाही बुवा.” मंडळी कौतुकाने पाहत. कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या तर नाहीच, की बँकेने हप्त्याऐवजी मुदत वाढवली होती. शिंपी दिवाळीला पँटची शिवण सोडतो, तशी. वरून पँट तीच दिसते, आतलं पोट वाढत राहतं.

एप्रिल २०२३ च्या हप्त्यात २२,९०० च्या वर व्याज होतं आणि मुद्दल सुमारे ३३० रुपये. म्हणजे त्या महिन्यात घराचा जेवढा भाग माझ्या मालकीचा झाला, तेवढ्यात चौघांची मिसळही आली नसती. “आणि दर तसाच राहिला असता ना,” कन्या म्हणाली, “तर लोन तुझ्या एक्क्याण्णवाव्या वर्षी संपलं असतं.” घरातल्या थोरांनी मला ‘औक्षवंत हो’ एवढंच म्हटलं होतं, नक्की आकडा बँकेनेच दिला. २०२५ मध्ये रेपो उतरत उतरत सव्वापाचावर आला, माझा दर सव्वाआठ झाला, तेव्हा कुठे मी पुन्हा निवृत्तीच्या आसपास आलो. आसपास म्हणजे बहात्तर. वीस वर्षांचं लोन, पावणेपाच वर्षं फेडून झालं, उरली जवळपास तेवीस.

“बाबा, तू स्टेशनवरच्या उतरत्या सरकत्या जिन्यावरून वर चढतोयस,” कन्येने निष्कर्ष काढला.

“मला कोणी विचारलं का?” मी उसळलो. “मुदत वाढवायची की हप्ता, हे मला विचारायला नको?”

विचारायला हवं होतं, हे खरं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना तेच बजावलं: दर बदलला की कर्जदाराला कळवा, हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही थोडं थोडं, हे त्याला निवडू द्या. चिरंजीवांनी माझ्या मेलमध्ये शोध घेतला. बँकेची मेल होती. न उघडलेली. तिच्या वर बुटांच्या सेलची होती. ती उघडलेली होती.

बाजू पलटवायला मी चिरंजीवांचा फोन विषयपत्रिकेवर आणला. छत्तीस हजारांचा, बारा हप्त्यांत. “नो कॉस्ट ईएमआय आहे,” ते म्हणाले, “व्याजच नाही.” शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते प्रक्रिया शुल्क वगैरे नावांखाली लपवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. पण तेव्हा चिरंजीव दुसरीत होते आणि अक्षरं जोडून वाचत होते. आता वीस वर्षांचे आहेत आणि अटी-शर्ती अजिबात वाचत नाहीत. शिक्षणाने माणूस असा पुढे जातो.

“आणि कार्ड कोणाचं?” बायकोने विचारलं.

कार्ड माझं होतं. ओटीपीही मीच सांगितला होता, दुपारच्या झोपेत. फोन वगळून त्याच कार्डावर आणखी चाळीस हजार थकले होते, त्यात गादी आली. दर महिन्याला मी ‘किमान भरणा’ करत होतो, पाच टक्के, म्हणजे दोन हजार. किमान या शब्दात केवढी माया आहे! कन्येने वही पुढे ओढली. साडेतीन टक्के महिना, म्हणजे १,४०० व्याज. व्याजावर अठरा टक्के जीएसटी, २५२. दोन हजारांतून कर्जाला लागले ३४८. घराला ३३०, कार्डाला ३४८. मी सगळीकडे समान न्यायाने वागत होतो.

“अहो, पण त्या पन्नास हजारांच्या एफडीचं काय?” बायको म्हणाली.

“ती अडीअडचणीसाठी आहे,” मी म्हणालो. म्हणजे एका खिशात साडेसहा टक्के घेत होतो, दुसऱ्या खिशातून वर्षाला बेचाळीस देत होतो, आणि अडचण येईल त्या दिवसाची वाट पाहत होतो.

बायकोची पाळी आली. तिने भिशीचं सांगितलं. बारा जणी, महिना दोन हजार, चोवीस हजारांची भिशी तिला पहिल्याच चिठ्ठीत लागली होती. तेव्हा तिने घरात शिरा केला होता. आमच्या घरात पैसे येण्याच्या आणि कर्ज होण्याच्या दिवशी एकच पदार्थ होतो. पहिल्या चिठ्ठीतली भिशी म्हणजे उसनवारी आणि शेवटच्या चिठ्ठीतली म्हणजे बचत. व्याज मात्र कुठेच नाही. अकरा बायकांनी बायकोला जे दिलं, ते एकाही बँकेने मला दिलेलं नाही.

आता चिरंजीवांना इतिहास आठवला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, तिथून दख्खनचे दंगे पेटले. “आपणपण जाळून टाकूया ना सगळं,” ते म्हणाले. कल्पना वाईट नव्हती. पण जाळायचं काय? माझा करारनामा कुठल्या शहरातल्या कुठल्या गोदामात आहे, मला ठाऊक नाही. कार्डाचा हिशेब ढगात. फोनचा ॲपमध्ये. आणि ॲप जाळायचं तर फोन जाळावा लागणार, त्याचे सात हप्ते बाकी. सुप्याच्या शेतकऱ्याला आपण बुडालोय हे तर कळत होतंच, शिवाय आपलं बुडणं कोणत्या वाड्यात, कोणत्या कपाटात लिहून ठेवलंय, हेही माहीत होतं.

“माझ्याकडे आहे लिहिलेलं,” आई गवारीच्या पलीकडून म्हणाली.

तिने खुंटीवरचं कालनिर्णय उतरवलं. आई त्यावर दुधाचा हिशेब लिहिते. अर्धा लिटर, एक लिटर, खाडा. आम्हाला वाटायचं, सगळं दूधच आहे. बारीक पाहिलं तर अधूनमधून निराळी नोंद. ‘सूनबाई ३०००.’ ‘नातू ३०००.’ ‘बाळ ५०००.’ बाळ म्हणजे मी. वय वर्षं एकोणपन्नास.

अण्णांच्या मागे आईला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन हे आमच्या घरातलं एकमेव असं उत्पन्न, ज्याला एकही हप्ता बांधलेला नाही. घरातला प्रत्येक जण स्वतंत्रपणे, देवघरात तिला एकटीला गाठून, उसने मागून गेला होता. “आणि प्रत्येकाने बजावलं, बाकीच्यांना कळू देऊ नकोस,” आई म्हणाली. “म्हणून बोलले नाही. लिहायला कोणी मनाई केली नव्हती.”

मग ४१२ रुपयांचा उलगडा झाला. खात्यात दर महिन्याला चारशे-पाचशे कमी पडतात हे बायकोला कधीच कळलं होतं. चार तारखेला ती आईंकडून पैसे घेऊन खात्यात भरायची, मला न सांगता, मला वाईट वाटू नये म्हणून. या चार तारखेला आई म्हणाली, “या महिन्यात नाहीत गं.” नव्हते, कारण तीन तारखेला ते मी नेले होते. कार्डाचा किमान भरणा करायला. बायकोला न सांगता, तिला काळजी वाटू नये म्हणून.

चार माणसांनी एकमेकांची इतकी काळजी घेतली, की हप्ता परत गेला.

पुढची बैठक छोटी झाली, कारण लपवायला काही उरलं नव्हतं. एफडी मोडली. सगळ्यात महागडं कर्ज आधी, म्हणून कार्डाचे चाळीस हजार एकरकमी भरले आणि उरलेल्यातून आईचं देणं. महिन्याचे दोन हजार मोकळे झाले. कोणीही पाहत नाही असे सिनेमे आणि कोणीही जात नाही अशी जिम मिळून ११४१. शुक्रवारचं पार्सल, जे आल्यावर ‘यापेक्षा घरची खिचडी बरी’ असं ठरायचं, त्याचे १६००. बेरीज ४,७४१. कन्येने ती हप्त्यात मिळवली. बरोबर २८ हजार. पुन्हा वही ओढली, बराच वेळ खाडाखोड केली आणि म्हणाली, “तेवीसच्या जागी पंधरा वर्षं.”

आठ वर्षं! जिम आणि पार्सल यांच्यात माझी आठ वर्षं अडकली होती.

मी बँकेत अर्ज घेऊन गेलो. जादा पैसे भरायचे म्हटल्यावर दंड लागेल या भीतीने आवाज आपोआप हलका झाला होता. पण बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच मनाई केलेली आहे. काउंटरवरच्या मुलीने अर्ज घेतला, शिक्का मारला आणि विचारलं, “सर, तुम्हाला टॉप-अप लोन होतंय, बघू का?” बघा, पुन्हा ‘होतंय’. मी काहीही होण्याच्या आत तिथून निघालो.

आता कालनिर्णयावर पाच तारखेच्या चौकोनात, दुधाच्या शेजारी, कन्या दर महिन्याला उरलेली बाकी लिहिणार आहे. पहिला आकडा लिहून झाला. परवा शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या होत्या. खुंटीकडे पाहून म्हणाल्या, “अगंबाई, सात आकडे! जुना लँडलाइन नंबर का हो कोणाचा?”

मी घाईघाईने काहीतरी बोलणार होतो. वाणाची वाटी पुढे करत आई आधी बोलली, चाळीच्या टोकापर्यंत जावा अशा खणखणीत आवाजात:

“छे हो, कर्ज आहे आमचं.”