परवा गेलेला फ्लॅट

कोथरूडमध्ये जुना फ्लॅट बघायला निघालेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एका विशिष्ट फ्लॅटची माहिती मिळते. हा फ्लॅट शेजारच्याच बिल्डिंगमध्ये असतो, अगदी असाच असतो, उलट जरा अंधारा असतो, आणि परवाच गेलेला असतो. कितीला गेला ते सगळ्यांना पाठ असतं. कोणी घेतला ते कोणालाच माहीत नसतं. सात महिन्यांत मी एकवीस घरं पाहिली, पण परवाचा फ्लॅट घेणारा तो दानशूर गृहस्थ मला काही भेटला नाही.

आम्हाला आवडलेला फ्लॅट एका काकांचा. (जुना फ्लॅट विकणारे नेहमी काकाच असतात. दादा आणि भाऊ प्लॉट विकतात.) तिसरा मजला, दोन बेडरूम, लिफ्ट नाही. "लिफ्ट नाही म्हणून तर चौऱ्याहत्तराव्या वर्षी ठणठणीत आहे," काका म्हणाले. म्हणजे नसलेल्या लिफ्टचेही पैसे किमतीत धरले होते. मेट्रोचे तर होतेच. 6 मार्च 2022 रोजी वनाज ते गरवारे कॉलेज गाडी धावू लागली, तेव्हापासून या भागातला प्रत्येक विकणारा असा बोलतो की रूळ त्यानेच स्वखर्चाने टाकलेत. "स्टेशन पाच मिनिटांवर!" मी चालून पाहिलं, सतरा मिनिटं लागली. काका म्हणाले, "आता ते चालणाऱ्यावर असतं."

क्षेत्रफळ काकांनी 1,040 फूट सांगितलं. करारनाम्यात कार्पेट 760 निघालं. मधले 280 फूट कुठे गेले, असं मी जरा भीत भीतच विचारलं. "जिना वापरणार ना तुम्ही? की उडत येणार?" कार्पेट म्हणजे नेमकं काय, हे 2016च्या रेरा कायद्याने व्याख्या करून सांगितलं, पण तो धाक बिल्डरांना. स्वतःचं राहतं घर विकणाऱ्या काकांना रेरा विचारत नाही आणि काकाही रेराला विचारत नाहीत.

स्वयंपाकघरात ओट्याच्या वर, छताला जवळजवळ टेकेल इतक्या उंचीवर, एक कॅलेंडर टांगलेलं होतं. इतक्या वर तारीख बघायची तर स्टूल लागेल. मी ते जरा सरकवलं. मागे ओलीचा डाग होता, साधारण श्रीलंकेच्या आकाराचा, आणि रंगाचे पोपडे सुटलेले. "ते जुनं आहे, आता काही नाही," काका घाईने म्हणाले. काकू चहा गाळत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "पावसाळ्यात तिथे बादली ठेवावी लागते हं, दोन तासांनी रिकामी करायची." खरेदीदाराला सहज न दिसणारा पण आपल्याला माहीत असलेला दोष विक्रेत्याने उघड केला पाहिजे, असं 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात लिहिलं आहे. त्या घरात हा कायदा फक्त काकू पाळत होत्या.

मग भाव. काका म्हणाले, "एक चाळीस." कोथरूडमध्ये कोटी हा शब्द उच्चारत नाहीत, तो समोरच्याने समजून घ्यायचा असतो. मी म्हणालो, एक दहा. काका काही बोलले नाहीत. शांतपणे उठले, पंखा बंद केला आणि परत येऊन बसले. नोव्हेंबर नव्हे, मे महिना होता. "शेजारी परवा एक बेचाळीसला गेला," ते म्हणाले, "आणि तो पश्चिमेकडे तोंड करून होता."

या वेळी मात्र मी तयारीत होतो. महाराष्ट्रात खरेदीखत नोंदवलं की त्याची सूची क्रमांक दोन तयार होते. आपण सगळे तिला इंडेक्स टू म्हणतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर बसून चिकाटीने शोधलं तर ती घरबसल्या पाहता येते. त्यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन रकाने असतात. मी दोन रात्री जागून शेजारच्या बिल्डिंगचा कागद काढला होता. मोबदला : एक कोटी सहा लाख. प्रिंट काढून काकांपुढे ठेवली.

काकांनी चष्मा लावला, कागद वाचला, घडी घातली आणि माझ्याकडे करुणेने पाहिलं. "अहो, हा कागदावरचा आकडा. खरा वेगळा असतो."

इथे माझा अभ्यास संपला. सरकारी शिक्का असलेला कागद खोटा, आणि जिन्यात ऐकलेलं खरं, या न्यायापुढे कोणाचं काय चालणार? शिवाय त्यांनी लगेच त्या "वेगळ्या"तले थोडे माझ्याकडेही मागितले. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, 2015पासून तसा नियम आहे आणि जेवढी रोख घेतली तेवढाच दंड घेणाऱ्याला, हे मी सांगितलं. त्यावर "तुम्ही फार वाचता" एवढंच ऐकायला मिळालं. पुढे पन्नास लाखांच्या वरच्या व्यवहारात एक टक्का टीडीएस मलाच कापून भरावा लागेल म्हटल्यावर तर ते खवळले. "माझ्या पैशातून तुम्ही कोण कापणारे?" मला सात टक्के मुद्रांक शुल्क भरायचं होतं, घर सौभाग्यवतींच्या नावावर केलं तर सहा. त्याबद्दल त्या खोलीत कोणालाही वाईट वाटलं नाही.

तरीही मी चढत चढत एक अठरावर आलो. काका म्हणाले, अमेरिकेत मुलाशी बोलून सांगतो. मुलाने एका वाक्यात सांगितलं, देऊन टाका. मग काकांनी आषाढ निघू दे म्हटलं. नंतर पितृपक्ष. नवरात्रात ते म्हणाले, एक दिवाळी या घरात करतो. मला तेव्हा उमगलं की काकांना घर विकायचंच नाही. काही लोक दर रविवारी रक्तदाब तपासून घेतात, तसे काका घराचा भाव तपासून घेतात. आकडा वर गेला की त्यांना बरं वाटतं. माझा राग गेला असं नाही, पण काकूंच्या चहासाठी मी आणखी दोनदा गेलो.

गेल्या आठवड्यात एका नव्या एजंटचा फोन आला. कोथरूड, तिसरा मजला, दोन बेडरूम, मेट्रो पाच मिनिटांवर. "साहेब, लवकर ठरवा," तो म्हणाला, "पार्टी कडक आहे. परवाच एकजण एक पस्तीस द्यायला तयार होता, चार वेळा चहा पिऊन गेला, काकांनी सरळ नाही म्हणून सांगितलं."

तो एकजण मीच. आणि मी एक अठरा म्हणालो होतो.