काऊन फोटो काढून रायला?

आमच्या गावात माणसाचा फोटो तीन कामांसाठी निघतो: लग्न, आधार कार्ड आणि तेरवी. घराचा निघतो घरकुलाच्या अर्जासाठी आणि बैलाचा पोळ्याला. याच्या बाहेर जाऊन जो फोटो काढतो तो एकतर सरकारी माणूस असतो, नाहीतर त्याच्याकडे घरच्यांनी जरा लक्ष द्यायची गरज असते. मी सरकारी नाही हे गावाला पक्कं ठाऊक असल्यामुळे माझ्याबद्दलचा निकाल लवकर लागला. आईला कोणी विचारलंच तर तीही मला पाठीशी घालत नाही. "त्याले लहानपनापासूनच तसं आहे," एवढं सांगून ती विषय संपवते.

गाव म्हणजे गुरुकुंज मोझरी. अमरावतीहून नागपूरकडे निघालं की तिवसा तालुक्यात, हमरस्त्याला लागून. हा रस्ता आधी राष्ट्रीय महामार्ग 6 होता, आता 53 आहे. गावातले लोक त्याला पूर्वीही 'रोड' म्हणत आणि आताही 'रोड'च म्हणतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 साली इथे आश्रम काढला आणि मोझरीच्या आधी गुरुकुंज लागलं. पुढे 1993 साली महाराजांचा चेहरा टपाल तिकिटावर गेला, 2005 साली त्यांचं नाव नागपूर विद्यापीठाला मिळालं. तेव्हा गावाला कॅमेऱ्याची सवय नाही असं कोणी म्हणू नये. पुढारी येतात, वाहिन्यांच्या गाड्या येतात, लांबलांबून भगव्या टोप्या घातलेले गुरुदेवभक्त येतात. फक्त या सगळ्या कॅमेऱ्यांची तोंडं महाराजांच्या समाधीकडे असतात. त्यांच्या पाठीमागे जे गाव आहे त्याने आजवर फक्त कॅमेरेवाल्यांच्या पाठी पाहिल्या आहेत.

मी ठरवलं की आपण उलटं तोंड करून उभं राहायचं. पानठेला, पिठाची चक्की, कवेलूची घरं, निंबाखालचा न्हावी, कोठ्यातल्या गाई, शेवटची उरलेली लाकडी बंडी, असं जे रोज दिसतं आणि म्हणून कोणालाच दिसत नाही, ते टिपायचं. कल्पना उत्तम होती. तिच्यात अडचण एवढीच होती की गावात माणसं राहतात.

पहिला फोटो काढला तो एका मातीच्या भिंतीला टेकवून रचलेल्या पऱ्हाटीचा. कापूस वेचून झाला की झाडं उपटून चुलीसाठी रचून ठेवतात, ती. सकाळचं तिरपं ऊन पडलं होतं, काड्यांच्या सावल्या भिंतीवर उतरल्या होत्या. मी फोन वर केला तसा घरमालक बाहेर आला.

"काऊन भाऊ, मोजणी आली काय?"

"नाही काकाजी, पऱ्हाटीचा फोटो काढतो आहे."

"पऱ्हाटीचा कोन फोटो काढते बे?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलेला माणूस मोजणीचाच असतो. रोडचं चौपदरीकरण झाल्यापासून आमच्याकडे भिंतीकडे काहीही रोखणाऱ्या माणसाला लोक मोजणीवालाच समजतात. दुपारपर्यंत बातमी पानठेल्यावर पोचली. संध्याकाळी ती परत माझ्यापर्यंत आली तेव्हा तिच्यात नवा रस्ता, त्याची रुंदी आणि एकरी मोबदला हे सगळं ठरलं होतं. एकाने रस्त्यावर आलेली ओट्याची पायरी रातोरात आत घेतली. दुसऱ्याने मला चहा पाजला आणि त्याचा कोठा फोटोत जमेल तेवढा मोठा यावा अशी इच्छा व्यक्त केली.

सर्वांत अवघड गेली ती एक सामाईक भिंत. तिच्या उजवीकडच्या घरातले काकाजी म्हणाले, "असा काढ का घर पडाले आलं असं वाटलं पाह्यजे. घरकुलाच्या यादीत नाव आलं नाई अजून." तेवढ्यात डावीकडच्या घरातून काकू बाहेर आल्या. "माया घराचा चांगला काढजो रे बावा, पोट्टीले पाहाले येऊन रायले." मी दोघांचंही ऐकलं. उजवीकडून खालच्या कोनातून भेग घेतली, डावीकडून दारातली रांगोळी. दोन्ही फोटोंत भिंत तीच आहे. सरकारला ती पडताना दिसते आणि पाहुण्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या उभी असलेली दिसते. छायाचित्र खोटं बोलत नाही असं जे म्हणतात त्यांनी एकदा आमच्या आळीत यावं.

दुसरी अडचण स्वच्छतेची. ग्रामगीता लिहिणाऱ्या संताच्या गावात आपण राहतो, याचं भान आमच्या लोकांना एरवी असो-नसो, कॅमेरा दिसला की हमखास येतं. फोन वर गेला की पहिला झाडू निघतो. मला हवा असतो अंगणातला पसारा: उलटी पडलेली बादली, सुपातली तूर, दोरीवरचं धोतर, शेणाची पाटी. मी नीट नेम धरेपर्यंत बादली सरळ होते, सूप आत जातं, धोतर नाहीसं होतं, आणि माझ्यासमोर उरतं एक झाडलेलं अंगण व त्यात हात बाजूला ताठ ठेवून, श्वास रोखून उभं राहिलेलं कुटुंब. "हसा ना काकू," म्हटलं तर काकू विचारतात, "चालते काय हसलं तं?" आधारच्या फोटोत हसलेलं नाकारलं होतं, ते त्यांच्या मनातून अजून गेलेलं नाही.

न्हाव्याचंही तसंच. निंबाच्या खोडाला खिळा, खिळ्याला आरसा, खाली लाकडी खुर्ची, खुर्चीत फेसाने भरलेलं गिऱ्हाईक. याहून चांगलं दृश्य जिल्ह्यात नसेल. पण गिऱ्हाईकाने माझ्याकडे पाहिलं, "थांब जरा," म्हणाला, आणि अर्धी दाढी तशीच ठेवून टोपी आणायला घरी गेला. न्हावी त्याच्या मागे आवाज देत गेला. माझ्या संग्रहात त्यामुळे रिकामी खुर्ची आहे, आरसा आहे आणि आरशात फोन धरून उभा असलेला मी आहे.

पानठेल्यावरच्या मंडळींचा आक्षेप मात्र जरा तात्त्विक होता. "महाराजायच्या गावात राहून तुले फोटोले पऱ्हाटीच भेटली काय?" मीही मग शास्त्रार्थाला बसलो. म्हटलं, ग्रामगीता उघडा. अध्याय 41, ओव्या 4675. एवढ्या ओव्यांत महाराजांनी काय लिहिलं? ग्रामशुद्धीवर लिहिलं, आरोग्यावर लिहिलं, गाईबैलांवर लिहिलं, लग्नावर आणि यात्रा-मेळ्यांवर लिहिलं. 1942 च्या चळवळीत नागपूर आणि रायपूरचा तुरुंग पाहून आलेल्या आणि 1955 साली जपानच्या विश्वधर्म परिषदेला जाऊन आलेल्या माणसाला गावाची नाली लिहिण्याजोगी वाटली. तर मला ती फोटो काढण्याजोगी वाटली तर काय बिघडलं? मंडळी थोडा वेळ गप्प बसली. मग एकजण म्हणाला, "मंग नालीचाच काढ. ग्रामपंचायतीले पाठवाले कामी येईन." तो फोटो मी काढला. माझ्या सगळ्या कामात गावाने मनापासून मान्य केलेला तो एकच.

असं नाही की मी कधी समाधीकडे तोंड केलंच नाही. केलं, आणि तिथे आणखीच पंचाईत झाली, कारण आमच्याकडे जे सर्वांत मोलाचं आहे ते फोटोत येतच नाही. सामुदायिक प्रार्थनेला आमच्याकडे समोर मूर्ती नसते. स्वच्छ मांडलेलं रिकामं आसन असतं. त्याचा फोटो मी मोठ्या भक्तीने पुण्याच्या भाच्याला पाठवला. त्याचा निरोप आला: "मामा, कोणी बसायच्या आधीच काढला का?" भजनातल्या खंजिरीचंही तसंच. शटर जलद ठेवलं तर बोटं स्पष्ट येतात आणि खंजिरी मुकी वाटते. सावकाश ठेवलं तर खंजिरी वाजताना दिसते पण बोटांचा नुसता धूर होतो. आमचे भजनी काका दुसराच फोटो पसंत करतात. पहिल्यात, त्यांच्या मते, ते खंजिरी विकायला बसलेले दिसतात.

आणि मौन श्रद्धांजली. महाराज गेले 11 ऑक्टोबर 1968 ला, दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी. तिथी आश्विन वद्य पंचमी. म्हणून दरवर्षी कोजागरीनंतर पाचव्या दिवशी लाखो माणसं इथे जमतात आणि त्या मिनिटाला एकदम स्तब्ध होतात. ज्या गावात दोन माणसं एका ओट्यावर गप्प बसू शकत नाहीत, तिथे लाखो माणसं गप्प! लहान पोरंही रडायची थांबतात. याचा फोटो काढला तर दिसतात नुसती उभी माणसं. भाच्याने विचारलं, "कशाची लाइन आहे?" म्हणून एका वर्षी फोन शर्टाच्या वरच्या खिशात उभा ठेवला, व्हिडिओ सुरू केला आणि डोळे मिटून उभा राहिलो. चित्रण सुरेख झालं. भाच्याचं उत्तर लगेच आलं: "मामा, आवाज येत नाहीये. परत पाठवा."

त्यानंतर मी नवे फोटो काढणं जरा कमी केलं आणि लोकांच्या घरातले जुने फोटो पाहायला लागलो. ते छताजवळ, पुढे झुकवून टांगलेले असतात. काचेच्या आत कसर शिरलेली असते आणि ती नेमकी नवरदेवाचं नाक खाते. इथे गावाचं सहकार्य उत्तम मिळालं, कारण जुन्या फोटोवर प्रत्येकाला मत असतं.

काळ ठरवायची आमची पद्धत सोपी आहे. काळाचे मुख्य दोन भाग: 'महाराज होते तवा' आणि 'महाराज गेल्यावर'. मध्ये एक मैलाचा दगड 1972 च्या दुष्काळाचा. मग एखादी म्हातारी लग्नाचा फोटो हातात घेऊन सांगते, "महाराज गेल्यावरचं आहे हे, पन दुष्काळाच्या आंधीचं." म्हणजे 1968 ते 1972 च्या दरम्यानचं. जमिनीतून भांडी काढणारे अभ्यासक याहून मोठा फरक पदरात घेऊन प्रबंध लिहितात.

खरी लढाई असते माणसं ओळखण्याची. एका घरात महाराजांच्या भजनाचा जुना फोटो आहे: दूर व्यासपीठ, खंजिरी आणि समोर माणसंच माणसं, सगळी पाठमोरी. त्यातला तिसऱ्या रांगेतला फेटेवाला हा तीन वेगवेगळ्या घरांचा आजा आहे. मी एकाला विचारलं, "चेहरा तर दिसतच नाही, कसं ओळखलं?" तो म्हणाला, "आज्याले आमी पाठीवरूनच पाह्यलं. तोंड कराची हिंमत होती कोनाची?" यावर प्रतिवाद नाही. दुसऱ्या घरात दोन म्हाताऱ्या जावांना एक लग्नाचा फोटो दाखवला. नवरीमागे पाण्याचा गडवा घेऊन उभी असलेली पोट्टी आपणच, असं दोघींचं म्हणणं. मी मध्यस्थी करायला गेलो तर दोघींनी मिळून मलाच विचारलं, "तू होता काय तवा?"

हे ऐकता ऐकता एक गोष्ट लक्षात आली. मोझरीचा मोठा इतिहास पक्का आहे. तो ग्रंथांत आहे, तिकिटावर आहे, विद्यापीठाच्या कमानीवर आहे. त्याला माझ्या फोनची गरज नाही. पण गडवा घेऊन उभी असलेली पोट्टी कोण, हे सांगणारी माणसं आता दोनच आहेत आणि त्यांचंही आपसात पटत नाही. ज्या भिंतीवर दोन घरं भांडतात ती उद्या सिमेंटची होईल, निंब रस्त्यात जाईल, आणि आमची नातवंडं विचारतील की पऱ्हाटी म्हणजे काय. तेव्हा तो बिनकामाचा फोटो कामी येईल, अट एवढीच की त्याच्यासोबत दोन शब्द लिहिलेले असावेत. फोनचा कॅमेरा तारीख-वेळ आणि परवानगी असेल तर जागाही फोटोसोबत आपोआप साठवतो. आपण तो फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की ही सगळी माहिती गळून पडते आणि उरते नुसती पऱ्हाटी, कोणाची, कुठली, काही पत्ता नाही.

म्हणून राजेहो, एवढं करा. या दिवाळीत गावी गेलात की जेवण झाल्यावर आडवं व्हायच्या आधी भिंतीवरची एक फ्रेम खाली उतरवा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि फोटोतली नावं विचारा. ती फोटोच्या मागे पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा; पेनाची शाई पुढे उमटते. नवे फोटो कोणाला पाठवायचे असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, तारीख शाबूत राहते. आणि ज्या चेहऱ्यावर दोन म्हाताऱ्यांचं एकमत होत नसेल तिथे न्याय करायला जाऊ नका. दोन्ही नावं लिहा.