दात दाखवा

रंगीत पेन्सिलींच्या डबीत बिनकामाची पेन्सिल कोणती, हे नांदूरघाटच्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा. पांढरी. बाकीच्या झिजून झिजून चिमटीत धरवेनाशा होतात आणि ही मात्र पंगतीत रुसून बसलेल्या व्याह्यासारखी कोरी करकरीत. मागे एक आजोबा नातवाची डबी घेऊन दुकानात आले. "शेठ, हिचे पैसे कापून द्या. ही उमटतच न्हाई." मी म्हटलं, "आजोबा, उमटते, पण कागद पांढरा आहे ना." "मग कागदाचे कापा," आजोबा म्हणाले.

माझं दुकान म्हणजे वह्या, पेनं, अगरबत्ती, सुईदोरा आणि पोळ्याच्या आधी गोंडे, बेगड, घुंगरमाळा. दुपारी गिऱ्हाईक फिरकत नाही. छत्तीस रंगांची एक डबी महाग म्हणून कपाटात पडून होती. उन्हानं तिच्या झाकणावरचं चित्र उडालं, तशी ती खपायची आशाही उडाली. तेव्हा तिचं गिऱ्हाईक मीच झालो. काढायचं काय, हा प्रश्न आला नाही. समोरच्या लिंबाखाली कायम कुणाचं ना कुणाचं जनावर बांधलेलं असतं. निसर्गचित्राला बालाघाटचे डोंगर आहेत, पण एप्रिलनंतर ते एका तपकिरी पेन्सिलीत संपतात.

शहरातल्या चित्रकाराला टीकाकार शोधावे लागतात म्हणे. माझे तंबाखूची पुडी घ्यायला येतात. पहिला बैल कागदावर उभा राहिला, तेव्हा एका आबांनी चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं, उलटं करून मागेही पाहिलं आणि विचारलं, "काय दाती हाय?"

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गायी-बैलांना वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात. खालचे आठ. दुधाचे पडून पक्के येतात, ते जोडीजोडीनं. त्यावरून अदात, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि आठही आले की जुळलेला. नेकनूरच्या बाजारात जबडा उघडून पाहिल्याशिवाय कुणी खिशात हात घालत नाही. माझ्या बैलाचं तोंड बंद होतं. आबांच्या लेखी हा माल लपवण्याचा प्रकार होता. तेव्हापासून मी बैल जरा जांभई देताना काढतो. चार दाती.

मग रंग. माझा बैल लाल कंधारी. या जातीत गायीपेक्षा बैल एक छटा गडद असतो, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत. डबीतला लाल मात्र निवडणुकीच्या पताकेचा. तो अंगावर फासला तर बैल नाही, फायर ब्रिगेड होते. म्हणून थर द्यावे लागतात. आधी गेरूच्या जवळचा पिवळट, अगदी हलक्या हातानं. त्यावर नारिंगी, त्यावर तपकिरी, त्यावर किरमिजी. टोक कायम अणकुचीदार आणि रेघ केसांच्या कलानं: कपाळावर भोवऱ्यातून बाहेर, मानेवर खाली, वशिंडावर चढून पलीकडे उतरती. पहिल्या थरालाच जोर लावला की कागदाचे दाणे भरून जातात आणि वरचा रंग घसरायला लागतो. शिसपेन्सिलीचं शिसं भट्टीत भाजलेलं असतं. रंगीत पेन्सिलीची कांडी भाजत नाहीत. ती मेण, रंग आणि माती यांची. म्हणून थरावर थर बसतो, आणि म्हणूनच मुलं चित्रावर हात टेकवून शर्टाची बाही रंगवून घरी जातात.

सावलीत काळा वापरायचा नाही. काळ्यानं रंग मरतो. पोटाखाली, मांडीच्या आत, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीच्या घडीत गडद निळा द्यायचा आणि त्यावर पुन्हा तपकिरी. हे पुढे सुरेख दिसतं. पण निळा नुकताच दिलेला असतो आणि तपकिरी यायची असते, नेमक्या त्या घटकेला गिऱ्हाईक येतं. एक मामी साबण घ्यायला आल्या, चित्राकडे पाहून थबकल्या. "आगं बया! ह्याला पान लागलं का काय?" त्यांनी साबण राहू दिला आणि सापाच्या विषावरचे तीन उतारे सांगितले.

देवणी जात काढायची तर निराळी कसरत. तिच्यात तीन प्रकार: वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या, शेवेरा म्हणजे पांढऱ्यावर काळे ठिपके, आणि बालंक्या म्हणजे निव्वळ पांढरा. बालंक्याला कागद तसाच सोडायचा आणि फक्त सावल्या रंगवायच्या, फिकट निळ्या, फिकट जांभळ्या, खुरांजवळ मातकट. फुकट मिळालेल्या कागदाला बैल म्हणायचं, इतका हा धंदा सोपा वाटतो. करून पाहा.

इथं पांढऱ्या पेन्सिलीची पाळी येते. सगळे थर चढले की ती हातात घ्यायची आणि चांगला जोर देऊन, गोलगोल, सबंध अंगावरून घोटत जायचं. खालचे रंग एकमेकांत शिरतात, रेघा मिटतात, कागदाचे पांढरे दाणे बुजतात आणि पुठ्ठ्यावर तकाकी येते, पोळ्याला धुऊन-पुसून तेलाचा हात फिरवलेल्या जनावरासारखी. त्या आजोबांना मी हे करून दाखवलं. त्यांनी घोटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, अंगठ्याकडे पाहिलं, आणि मग एक सुटी पांढरी मागितली. सुटी विकत नाही म्हटल्यावर म्हणाले, "इतके दिस तर देत व्हता की गळ्यात मारून."

परदेशातले चित्रकार मेण मऊ व्हावं म्हणून कागदाखाली विजेवर तापणारी पाटी ठेवतात. तिला पैसे पडतात. माझ्या दुकानावर पत्रा आहे. वैशाखात दुपारी दोनला पेन्सिल कागदावर लोण्यासारखी चालते आणि चित्रकार पाटाच्या पाण्यात बसायला जातो. रंग विरघळवायचा दुसरा उपाय टर्पेंटाइनचा: कापसाच्या बोळ्यानं अगदी थोडं, थर पसरून गुळगुळीत होतो. टर्पेंटाइन मी पोळ्याच्या वेळी ठेवतोच, शिंगांचा ऑइलपेंट पातळ करायला. तेव्हा लोक विचारतात की जनावर दारात उभं असताना कागदावरचं कशाला रंगवता? खऱ्याची शिंगं रंगवा, दोन्ही कामं होतील. याला उत्तर नाही. पोळ्याला गावात जेवढे चित्रकार असतात तेवढे मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयातही नसतील, आणि यांचं चित्र वेशीपर्यंत चालत जातं.

आमच्याकडची ही पारख पाहिली की मला नेहमी जर्मनीतल्या आल्ब्रेश्ट ड्यूरर या चित्रकाराची काळजी वाटते. गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगीजांना एक गेंडा दिला. तो गोव्यातून जहाजावर चढला आणि 1515 च्या मे महिन्यात लिस्बनला उतरला. ड्यूरर न्यूरेंबर्गला. त्यानं गेंडा पाहिलाच नाही. कुणाच्या तरी पत्रावरून आणि कच्च्या चित्रावरून लाकडात कोरला. अंगावर चिलखतासारखे पत्रे, पायांना खवले, आणि पाठीवर मानेजवळ एक जादा शिंग. युरोपनं ते पुढची दोनशेहून जास्त वर्षं खरं मानलं. नांदूरघाटला आणला असता तर पहिल्याच बाजारी आबा म्हणाले असते, "हे पाठीवरलं काढा, मग भाव बोलू." गंमत अशी की त्याच न्यूरेंबर्गला लागून असलेल्या श्टाइन गावात 1761 साली फाबर-कास्टेलचा पेन्सिलींचा धंदा सुरू झाला आणि त्यांच्या पाण्यात विरघळणाऱ्या पेन्सिलींच्या डबीवर आजही ड्यूररचंच नाव असतं. आपल्या दांडेकर बंधूंनी 1931 साली सुरू केलेल्या कॅम्लिननं उंट घेतला. बीड जिल्ह्यातली कितीतरी पोरं बैलाआधी उंटाला ओळखतात, तेही कंपासपेटीमुळे.

शेळीचा डोळा हा मात्र माझा अभिमानाचा विषय. उस्मानाबादी शेळी बहुतेक काळीच, आणि तिचा काळा मी गडद निळा, गडद तपकिरी आणि थोडा किरमिजी यांतून काढतो. पण सगळी शेळी डोळ्यात असते. तिची बाहुली गोल नाही, आडवी असते, दाराच्या फटीसारखी. आधी सबंध डोळा फिकट पिवळा. कडेनं गेरू, वरच्या पापणीखाली सावली म्हणून तपकिरी. मधोमध ती आडवी फट, दोन्ही टोकं किंचित बोथट. वर उजवीकडे मोहरीपेक्षा लहान जागा मात्र पहिल्यापासूनच कोरी सोडायची. तिथं पेन्सिल लागली तर शेळी मेली. दाढीच्या केसांसाठी रंग देण्याआधीच संपलेल्या रिफिलीनं कागदावर दाबून रेघा ओढून ठेवायच्या. वरून पेन्सिल फिरवली की त्या खाचा कोऱ्या राहतात आणि केस आपोआप उमटतात. संपलेल्या रिफिलींना माझ्याकडे तोटा नाही; गिऱ्हाईक नवी घेतं आणि जुनी माझ्याच गल्ल्यावर ठेवून जातं. शेळी पुरी झाली तेव्हा मामींनी पाहिली आणि दोन पावलं मागे सरल्या. "ही वह्या खाईल," म्हणाल्या.

दसरा-दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांना निघतात, गाड्या जुंपल्या जातात आणि माझे मॉडेल लिंबाखालून उठून पश्चिमेकडे चालू लागतात. त्या महिन्यांत मी मांजरी काढतो. मांजरीबद्दल गावात कुणाचं काही मत नाही, त्यामुळे ती चित्रं चांगली होतात की वाईट, हे कळायला मार्ग नाही.

परवा आबा पुन्हा आले. बैलाची नवी आवृत्ती काउंटरवर होती: चार दाती, पोळी भरलेली, शेपगोंडा काळाभोर. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता तरी.

"कानात बिल्ला कुठंय?"

खरंच, हल्ली प्रत्येक जनावराच्या कानात तो पिवळा बिल्ला असतो, बारा आकडी नंबराचा. त्याशिवाय विमाही होत नाही. मी पिवळी पेन्सिल काढली, टोक केलं, कानावर बिल्ला बसवला.

"नंबर कुणाचा टाकू?"

"टाका की माझ्याच बैलाचा," आबा पुडी खिशात घालत म्हणाले. "पण मग हप्ता तुमी भरायचा."

मी नंबराच्या जागी बारा बारीक टिंबं दिली. आबांनी ती बोटानं मोजली.

"अकराच हायेत," म्हणाले.